बाटलीतला तो थर भेसळीचा नव्हे

बाटलीतल्या पेट्रोलमध्ये थोडे पाणी हलवून, तळाशी वाढलेला थर दाखवत ‘पंपावर पाणी मिसळतात, म्हणूनच मायलेज निम्म्यावर आले’ असे सांगणारी चित्रफीत सध्या फिरते आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. त्यामुळे १०० मिली पेट्रोलमध्ये १० मिली पाणी घातले, तर खालचा थर ३० मिलीच्या आसपास दिसतो.

मायलेज घटते हे मात्र खरे आहे आणि ते लपवू नये. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट सांगितली आहे. म्हणजे घट आहे, पण निम्मी नाही. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची इंधनाची क्षमता, वाढतो, पण त्याचा फायदा त्यासाठी बनवलेल्या इंजिनालाच पुरता मिळतो.

खरी काळजी जुन्या गाड्यांतील रबराची आहे, कारण ते ई-२०साठी बनवलेले नसल्याने इथेनॉलमुळे खराब होऊ शकते. आपली गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल, तर इंधनाची नळी बोटांनी दाबून पाहावी आणि ती फुगलेली किंवा भेगाळलेली आढळल्यास लगेच बदलून घ्यावी.