मेरिटवाल्यांनो, आनंदीबाईंचं पत्र वाचा एकदा

दुपारपासून डोकं फिरलंय. इथे अटलांटात डॉक्टर व्हायला निघालेल्या गरीब ब्लॅक पोरांच्या एमकॅटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, फीसाठी गणपतीच्या वर्गणीतून थोडे पैसे द्यावेत, एवढंच मी मंडळाच्या ग्रुपवर सुचवलं. लगेच एका साहेबांचं उत्तर, "डॉक्टर मेरिटवर व्हावा, रंगावर नाही." आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस!

मी फार्मसिस्ट आहे, चर्चच्या हॉलमधल्या मोफत तपासणी कॅम्पला जाते. तिथे एक ब्लॅक काका आले होते, सिटी बसचे ड्रायव्हर, बीपी वरचं १८० च्या आसपास. सोबतच्या पिशवीत गोळ्यांच्या डब्या, सगळ्या जवळजवळ भरलेल्या. कागदावर शेरा काय, तर 'पेशंट औषध घेत नाही'. संपलं. मोरहाउस मेडिकल स्कूलची एक ब्लॅक मुलगी होती, तिने खुर्ची ओढली आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमचा रूट कुठला?" मग कळलं, ती लघवी होणारी गोळी. सकाळी घेतली की बस मध्येच सोडून जाणार कुठे हो? तिचा मामा बस चालवतो म्हणून तिला सुचलं. तिने तिथल्या तिथे सिनियर डॉक्टरला बोलावून गोळी बदलून घेतली.

हे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरलाही विचारता आलं असतं. आलं असतं, मान्य. विचारलं नाही ना पण!

आणि मेरिट मेरिट काय लावलंय? अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची झडती घेणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर रिपोर्टनंतर सातपैकी पाच ब्लॅक मेडिकल कॉलेजं बंद पडली, उरली फक्त हॉवर्ड आणि मेहॅरी. मोरहाउस आलं थेट १९७५ ला. म्हणजे कितीतरी पिढ्यांचे डॉक्टर घडलेच नाहीत. आज ब्लॅक लोक लोकसंख्येत १३ टक्क्यांच्या आसपास आणि डॉक्टरांत जेमतेम ६. बाळंतपणात ब्लॅक बायका गोऱ्या बायकांच्या तिप्पट मरतात. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावला तो ऑक्सिमीटर, तोसुद्धा काळ्या कातडीवर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, याची बोंब उशिरा झाली. का, ते वेगळं सांगायला नको.

त्यात २०२३ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने अॅडमिशनमध्ये वंश बघायचा नाही म्हणून सांगितलं, आणि आता मेडिकलच्या सरकारी कर्जालाही वर्षाला ५० हजार डॉलरची मर्यादा. ज्यांच्या घरात बापाची सही चालते त्यांना कुठलीही बँक कर्ज देईल. त्या मुलीच्या मामाच्या सहीवर कोण देणार?

बरं, आपलीही पोरं मरमर अभ्यास करतात, त्यांना सीट नाही मिळाली की जीव तुटतो. माझ्या भाच्याचं झालंय तसं. पण त्याचा राग बस ड्रायव्हरच्या भाचीवर का काढायचा?

आणि हेच लोक दरवर्षी मंडळात आनंदीबाई जोशींवर स्किट बसवतात, डोळे पुसतात. अहो, बाईंनी १८८३ साली अमेरिकेतल्या कॉलेजला लिहिलेलं पत्र वाचा की! प्रवेशाच्या अटी मी कदाचित पूर्ण करत नसेन, पण माझी केस वेगळी आहे, सांभाळून घ्या. आणि का घ्या, तर आमच्या बायका पुरुष डॉक्टरचे उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, म्हणून. फिलाडेल्फियाच्या त्याच कॉलेजातून त्यांच्याआधी, १८६७ ला, रिबेका कोल ही ब्लॅक मुलगी डॉक्टर झाली होती. तिचं स्किट कुणी बसवत नाही, जाऊ दे.

साहेब, माणूस म्हणून तुम्ही वाईट नाही, माझ्या सासऱ्यांच्या वेळी रात्री दोनला गाडी काढून आला होतात, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच जास्त लागलं.

शनिवारच्या मीटिंगमध्ये मी हा विषय लेखी मांडणार आहे. ढोल-ताशाला हात लावायचा नाहीये, फक्त बाहेरून नाचायला बोलावतो त्या सेलिब्रिटीचं मानधन यंदा जरा कमी करू. ज्यांना विरोध करायचाय त्यांनी समोर येऊन करा, घरी बसून अंगठे टाकू नका.