दाढेतला 'किडा' खरं तर बीतून पडतो

आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच व्हिडिओ तीनदा आला. पाण्याच्या ताटलीत तापलेली पळी, तिच्यात तेल आणि भुईरिंगणीच्या बिया, वर नळी, नळीतला धूर थेट दाढेत. थोड्या वेळाने पाण्यात तरंगणाऱ्या बारीक पांढऱ्या अळ्या. खाली मजकूर : 'दातातले किडे पाच मिनिटांत बाहेर. डेंटिस्ट हे लपवतात. साखर बंद करा, गूळ बिनधास्त खा. दुखणं थांबलं की समजा किडा मेला.' काकूंनी पाठवलेला म्हणून तिथे गप्प बसलो. इथे एकेक वाक्य घेतो.

'किडे डोळ्यांना दिसतात.' दिसतं ते खोटं नाही, पण ते किडे नाहीत. रिंगणी वांग्याच्या कुळातली. तिच्या बीत रोपाचा गर्भ वेटोळं घालून बसलेला असतो, पांढरा आणि दोऱ्यासारखा. बी तापून फुटलं की तो बाहेर येतो आणि पाण्यात हुबेहूब अळी दिसतो. युरोपात हाच प्रकार खुरासानी ओव्याच्या बियांवर कित्येक शतकं चालला. तो ओवाही याच कुळातला, आणि तिथल्या 'अळ्या'ही बियांचे गर्भच निघाले. पॅरिसचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिले. किडा सापडला नाही, असं त्यांनी १७२८ च्या ग्रंथात नोंदवलं.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका. तीच पळी, त्याच बिया, तीच ताटली घ्या, फक्त नळीला तोंड लावू नका. अळ्या तरीही पडल्या, तर त्या कोणाच्या दाढेतल्या?

यावर 'पण आपल्या ग्रंथांत आहे' असं उत्तर येतं. आहेच. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये 'कृमिदंतक' येतो. बाबिलोनियातल्या मातीच्या पाटीवर दातातल्या अळीविरुद्धचा मंत्रही सापडतो. लाकडाला, धान्याला भोकं पाडणारी कीड रोज बघणाऱ्या माणसाने दातातलं काळं भोक पाहून तोच तर्क केला, आणि सूक्ष्मदर्शक नसताना तो वेडगळ नव्हता. आजही आपण दात 'किडला' असंच म्हणतो. त्यांचं क्षम्य होतं. मोबाइलवरून तेच पुढे ढकलणाऱ्याचं नाही.

'डेंटिस्ट लपवतात.' विचित्रच लपवाछपवी म्हणायची. १६८३ मध्ये लेव्हनहूक या डच कापडव्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव दिसल्याचं पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवलं. बर्लिनमध्ये दंतवैद्य विलोबी मिलर यांनी काढलेले दात लाळ आणि पावासोबत उबेत ठेवले आणि ते मऊ पडताना पाहिले. १८९० मध्ये त्यावर पुस्तकच काढलं. १९२४ मध्ये लंडनला क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून 'स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स' हा जंतू वेगळा केला. सगळ्यांत बोलका प्रयोग १९५० च्या दशकात अमेरिकेत झाला. जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर दिली, तरी त्यांचे दात किडले नाहीत. तोच आहार खाणाऱ्या उंदरांच्या तोंडात जंतू सोडले, तेव्हा किडले.

म्हणजे कीड खरी आहे, पण ती पोखरत नाही. सकाळी दातावरून नख फिरवलं की जो बुळबुळीत थर निघतो, तो प्लाक. त्यातल्या जंतूंना साखर मिळाली की ते आम्ल सोडतात. शिवाय साखरेपासूनच ते एक डिंकासारखा पदार्थ बनवतात, त्यामुळे थर दाताला आणखी घट्ट चिकटतो आणि लाळेला आत शिरू देत नाही. काही मिनिटांत तिथला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम, फॉस्फेट विरघळू लागतं. पूर्वपदावर यायला अर्धा-एक तास लागतो. त्या काळात लाळ झीज भरून काढते, टूथपेस्टमधलं फ्लोराइड तिला हात देतं. सुरुवातीचा खडूसारखा पांढरा डाग म्हणूनच थांबवता येतो, कधी मागेही फिरतो. भोक पडलं की मात्र दात ते स्वतः बुजवत नाही.

'गूळ बिनधास्त.' गुळाचा मोठा भाग साखरच, तीसुद्धा चिकट. जंतूंना उसाचा रस कुठल्या कढईत आटला याच्याशी देणंघेणं नाही. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट, हे महत्त्वाचं. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथे मतिमंद रुग्णांवर १९४० च्या दशकात जो प्रयोग झाला (आज कोणी करू धजणार नाही, आणि धजूही नये), त्यात जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांत कीड फारशी वाढली नाही; मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांत भरमसाट वाढली. जेवणातल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर तोंडात टाकलेले चिक्कीचे तुकडे आणि चार वेळचा चहा-बिस्किट जास्त महागात पडतात, ते यामुळेच.

'दुखणं थांबलं म्हणजे किडा मेला.' सगळ्यांत घातक वाक्य हे. आम्लाची मजल दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली की ठणका लागतो, आणि ती नसच मेली की ठणका आपोआप थांबतो, धुरी दिली काय न दिली काय. मेलेल्या नसेतून जंतू मुळाच्या टोकाशी, हाडात उतरतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी एका रात्री गाल सुजतो, ताप भरतो. तेव्हा व्हिडिओ पुन्हा उघडून बघायला कोणी बसत नाही, सरळ दवाखाना गाठतात, आणि जी दाढ भरून वाचली असती तिचं रूट कॅनल तरी करावं लागतं किंवा ती काढावी लागते.