आत्ती, कशी लागते ते सांग

आज सकाळी एका बेकरीच्या काउंटरसमोर मी माझ्या वयाला आणि तीस वर्षांच्या शिक्षकी पेशाला न शोभेल इतक्या मोठ्या आवाजात बोलले. घरी येऊन चार तास झाले तरी तो राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. बेकरीचे नाव लिहिणार नाही, आणि कोणी विचारूही नये, कारण प्रश्न त्या एका दुकानाचा नाही.

माझी भाची आज संध्याकाळी इचलकरंजीहून आठ दिवसांसाठी येणार आहे. ती दहा वर्षांची आहे आणि तिला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातले ग्लुटेन तिला अजिबात चालत नाही, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ती येणार म्हटले की आदल्या दोन दिवसांत मी कोल्हापुरातल्या बेकऱ्या पालथ्या घालते आणि ग्लुटेन फ्री म्हणून जे जे मिळेल ते आणून आधी स्वतः चाखते. यंदा चार ठिकाणच्या कुकीज घरात आलेल्या होत्या आणि आजची बेकरी पाचवी. तिथे पाकिटावर हिरव्या अक्षरांत ‘ग्लुटेन फ्री’ आणि त्याखाली ‘व्हेगन’ असे दोन्ही छापले होते. व्हेगन म्हणजे दूध, लोणी, अंडे असे प्राण्यांपासूनचे काहीही नसलेले. मालकांनी एक तुकडा चवीला दिला. तो तोंडात टाकला आणि खरे सांगते, डोळे आपोआप मिटले, इतकी ती कुकी खमंग आणि ठिसूळ होती. मी लगेच दोन पाकिटे घेतली, पैसे दिले आणि मग सवयीने विचारले की, ही कशाची केली आहे?

“मल्टिग्रेन हाय मॅडम. मैदा अजिबात न्हाई,” काउंटरवरचा मुलगा अभिमानाने म्हणाला.

मल्टिग्रेनमध्ये काय काय, असे विचारल्यावर त्याने ज्वारी, नाचणी, ओट्स अशी बोटे मोजली आणि चौथ्या बोटावर म्हणाला, “आणि खपली गहू.”

खपली गहू! आपल्या भागात खपलीला किती मान आहे हे मला कोणी सांगायला नको, आमच्या घरी पुरणपोळीला आणि खिरीला वर्षानुवर्षे खपलीच येत आली आहे. पण खपली ही गव्हाचीच जात आहे, तिच्यात ग्लुटेन आहे, आणि माझ्या भाचीच्या आतड्याला गव्हाचा जुना-नवा वंश कळत नाही. मी हे मालकांना शक्य तितक्या शांतपणे सांगितले. ते म्हणाले, “खपली चालतंय की सगळ्यांना. शुगरवाले पण न्हेत्यात.” मग मी व्हेगनचे विचारले, तर उत्तर मिळाले की अंडे अजिबात नाही, प्युअर व्हेज आहे आणि लोणी तर घरचे आहे. म्हणजे ज्या पाकिटावर दोन गोष्टी नाहीत असे छापले होते, त्या दोन्ही गोष्टी त्या पाकिटात होत्या. मी तरीही शांत होते. त्यानंतर ते म्हणाले, “एवढ्याशानं काय हुतंय वो?” आणि तिथे माझा आवाज चढला.

एवढ्याशाने काय होते, हे मला दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यापासून माहीत आहे. तेव्हा भाचीचे निदान होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि मी दादाकडे गेले होते. शेजारच्या काकूंनी रवा, मैदा, तूप, साखर भट्टीवर देऊन नानकटाई भाजून आणली होती आणि रिवाजाप्रमाणे एक ताटली आमच्याकडेही आली. वहिनीने ती उचलून आत न्यायच्या आत पोरीने एक नानकटाई हातात घेतली, नाकाशी धरून बराच वेळ वास घेतला आणि माझ्या हातात ठेवून म्हणाली, “आत्ती, तू खा. कशी लागते ते सांग.” मी खाल्ली. पोरीला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, “विशेष काही नाही गं, जरा कडकच झाली आहे.” ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “खोटं बोलतेस. तुझे डोळे मिटले होते.”

त्या दिवसापासून मी तिच्यासाठी चाखते. हौस म्हणून नव्हे.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनावर सिलिॲक असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती चवताळते आणि स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर खराब करते. अन्न शोषून घेणारी तिथली बारीक लव झडून सपाट होते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. आमच्या पोरीची उंची वाढत नव्हती, हिमोग्लोबिन वर येत नव्हते, पोट मात्र फुगलेले असायचे, आणि दीड वर्ष आम्ही सगळे मिळून तिला “नीट जेवत नाहीस” म्हणून रागावत होतो. हे लिहिताना मला आजही लाज वाटते. यावर औषध नाही, आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हा एकच उपाय आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमानुसार ‘ग्लुटेन फ्री’ म्हणायचे असेल, तर एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असता कामा नये. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा असतो आणि त्यात ग्लुटेन ढोबळमानाने दहावा हिस्सा धरला, तर किलोभर कुकीजमध्ये पाचच दाण्यांची मुभा उरते. तिथे आमचे मालक मूठमूठ खपली घालून “एवढ्याशानं काय हुतंय” म्हणतात.

आता व्हेगनबद्दल. ज्या गावात गंगावेशीला म्हशीची धार समोर काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात, त्या गावात व्हेगन हा शब्द ऐकून मीही पूर्वी हसत असे, हे कबूल करते. पण सिलिॲकमध्ये आतड्याची लव झडली की दुधातली साखर पचवणारे पाचकही काही काळ कमी पडते, म्हणून डॉक्टरांनी सुरुवातीचे काही महिने पोरीचे दूधही बंद केले होते. दादाच्या घरात म्हशीचे दूध बंद! तेव्हा पाकिटावरचा व्हेगन हा शब्द आम्हाला देवासारखा वाटला. आता ती दूध पिते, पण ज्या मुलांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांच्या घरी आजही तो शब्द तशाच आशेने वाचला जात असणार. प्राण्यांचा विचार करून दूध सोडणाऱ्यांची श्रद्धा वेगळी आहे आणि तिचा मान राखावाच, पण इथे तर त्यांचीही फसवणूकच होते आहे. 2022 पासून व्हेगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणि हिरव्या ‘व्ही’चे स्वतंत्र चिन्ह आलेले असताना ‘अंडे नाही म्हणजे व्हेगन’ आणि ‘मैदा नाही म्हणजे ग्लुटेन फ्री’ हे कोणत्या शाळेत शिकवतात ते मला माहीत नाही.

मालकांचा शेवटचा मुद्दा असा होता की गव्हाशिवाय पीठ बांधत नाही. हे मात्र कोल्हापुरात राहून कोणी बोलू नये. आपल्या आयांनी आणि आज्यांनी जन्मभर ज्वारीच्या पिठात आधणाचे पाणी ओतून, मळून मळून, परातीएवढ्या भाकरी थापल्या, त्या कोणत्या ग्लुटेनवर बांधल्या होत्या? पिठाची विरी गेली की भाकरी तुटते आणि उकळत्या पाण्याने ती सावरते, एवढे ज्ञान घराघरांत आहे. शिवाय कुकीला ताणाची गरजच नसते, ती पावाला असते. नानकटाईत आधी तूप फेसून त्यात पीठ अलगद मिसळतात आणि जास्त मळत नाहीत, ते ग्लुटेनने ताण धरू नये म्हणूनच. म्हणजे भट्टीवरच्या सगळ्या पदार्थांत गव्हाशिवाय करायला सर्वांत सोपा पदार्थ कुकी हाच आहे. बांधायला काही हवेच असेल तर जवस वाटून पाण्यात भिजवा, त्याचा छान चिकट लगदा होतो, आणि तो व्हेगनही असतो.

एक गोष्ट मान्य करायला हवी. लहान बेकरीला वेगळी भट्टी, वेगळे ट्रे, वेगळा कामगार परवडत नाही, आणि मैद्याची धूळ जिथे दिवसभर हवेत उडते तिथे शुद्ध ग्लुटेन फ्री काही करणे जवळजवळ अशक्य असते. आमच्या वहिनीलाही आधी हे कळले नव्हते. ती निवडून-पाखडून ज्वारी गिरणीत देत असे आणि गिरणीत तिच्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असे. पोरीचे पोट पुन्हा बिघडले, तेव्हा कुठे घरघंटी घेतली. म्हणून मी कोणाला भट्टी बदला म्हणत नाही. मी फक्त पाकीट बदला म्हणते. ‘ज्वारी-नाचणी-खपली कुकी’ असे लिहा, मीच पहिली गिऱ्हाईक होईन, कारण ती कुकी खरोखर सुरेख होती. पाचांमध्ये खायला सर्वांत चांगली तीच निघावी, याचाही राग माझ्या रागात मिसळलेला आहे हे मी लपवत नाही.

बाकी चारांचे सांगते. या चौघांकडेही मी आधी भट्टीत शिरून, ट्रे आणि पिठाचे डबे पाहून, नको इतके प्रश्न विचारून आलेले आहे. आज दुपारी मी आमच्या ह्यांना समोर बसवले आणि सांगितले की, तुम्ही खाऊ नका, फक्त माझे डोळे मिटतात का ते पाहा. त्यांनी हे काम बँकेतल्या ऑडिटच्या गांभीर्याने केले.

ताराबाई पार्कातल्या एका ताईंची बदामाच्या पिठाची कुकी पाव किलोला साडेतीनशे रुपयांची आहे, आणि त्या भावात डोळे मिटायलाच हवेत असे वाटून मी जरा प्रयत्नही केला. चव राजेशाही, पण बोटांना तेल लागते आणि एकीनंतर दुसरी खावीशी वाटत नाही. शाहूपुरीतून आणलेली ज्वारीची कुकी प्रामाणिक आहे, गुळाचा गोडवा छान आहे, पण पीठ भरड राहिल्यामुळे ती टाळ्याला जाऊन चिकटते आणि चहा घेतल्याशिवाय सुटत नाही. ज्वारी दोनदा दळली असती तर ती वेगळीच झाली असती. राजारामपुरीतली नाचणीची कुकी रंगाने चॉकलेटसारखी दिसते, नाचणी आधी भाजून घेतल्याचा वासही येतो, मात्र तिच्यात खोबरेल तेल आहे. आपल्याकडे खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचे. मागच्या खेपेला भाचीने ती खाता खाता विचारले होते, “आत्ती, हिला वेणी घालायची का?” केरळात ही कुकी डोक्यावर घेतील, इथे मात्र तिला दिवस लागतील.

चौथी मंगळवार पेठेतल्या एका जुन्या बेकरीवाल्यांची. त्यांच्या पाकिटावर इंग्रजी एक शब्द नाही. पांढऱ्या कागदावर हाताने लिहिले आहे: तांदळाची पिठी, शेंगदाण्याचे कूट, साखर, शेंगतेल, वेलदोडा, मीठ. खाली आणखी एक ओळ आहे: ‘याच भट्टीत मैद्याचे पदार्थ होतात. ही कुकी सोमवारी पहाटे भट्टी व ट्रे धुऊन पहिल्यांदा करतो.’ ही ओळ वाचून माझे डोळे भरून आले होते, हे मी ह्यांनाही सांगितलेले नाही. या माणसाने व्हेगन हा शब्द कधी ऐकला असेल की नाही मला ठाऊक नाही, पण त्याची कुकी व्हेगन आहे. गेल्या वर्षभरात भाचीने ती अनेकदा खाल्ली आहे आणि एकदाही त्रास झालेला नाही. ती कुकी हातात घेतली की कडा झडतात, जिभेवर ठेवली की कूट आधी विरघळते आणि पिठी मागून कुरकुरते. साखर मला एक चमचा जास्त वाटते.

ह्यांनी शांतपणे नोंद दिली, “पहिल्या तिघींना उघडे होते. हिला मिटले.”

सकाळच्या भांडणाचे काय झाले, तेही सांगून टाकते. मालकांनी पैसे परत दिले, एक शब्द न बोलता दिले, आणि मी पायऱ्या उतरताना ते त्या मुलाला विचारत होते, “खपलीत पण असतंय व्हय रं?” त्या स्वरात खोटेपणा नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हते, आणि मी ज्या आवाजात सांगितले त्या आवाजात कोणाला काही समजत नाही, हे मला वर्गात तीस वर्षे काढल्यावर कळायला हवे होते. पण मी वळून पाहिले तेव्हा पाकिटे मांडणीवर तशीच होती. उद्या पुन्हा जाईन, हळू आवाजात बोलेन आणि सोबत मंगळवार पेठेतला तो पांढरा कागद नेईन.

हे लिहीत असतानाच पोरीचा एसटीतून फोन आला. हातकणंगले सोडले म्हणाली, आणि लगेच विचारले, “आत्ती, या वेळेला किती आणल्यास? कशा लागतात ते सांग.” मी या खेपेला काहीही न लपवता सगळे सांगितले, खपलीचेसुद्धा, आणि तीच सर्वांत छान होती हेही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “आणि मला चालणाऱ्यांत?” मी म्हटले, शेंगदाण्याची. “किती उरल्यात?”

डब्यात पाहिले तर तीनच उरल्या आहेत. सकाळपासूनच्या रागात आणि या लिहिण्याच्या नादात बाकीच्या मीच संपवल्या आहेत. मंगळवार पेठेतली बेकरी आठला बंद होते, आणि सोमवारची कुकी एवढ्या उशिरा उरली असेल की नाही कोण जाणे. निघते.