स्टेपनी देत नाहीत, मार्क मात्र 10 पैकी 10 हवेत

आज दुपारी क्लिनिक उरकून जेवायला बसले आणि फोन वाजला. सर्व्हिस सेंटरचा मुलगा. "मॅडम, तुमची गाडी परवा आमच्याकडे सर्व्हिसिंगला होती ना, कंपनीकडून फीडबॅकचा कॉल येईल. प्लीज 10 पैकी 10 द्या." मी विचारलं, का बरं? तर म्हणे, "9 दिले तरी आमच्याकडे फेल धरतात मॅडम."

वरण गार झालं आणि डोकं तापलं. म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी खुशाल पुढे सरका.

गाडीचं नाव लिहिणार नाही. आमच्याकडे येऊन गेलेल्यांना माहितीच आहे. बाकीच्यांनी एवढंच समजा की परदेशी नावाची, 'कॉम्पॅक्ट' म्हणवणारी, तरी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरसे मिटूनच शिरणारी डिझेल एसयूव्ही. घेतली तेव्हा दोन लिटरच्या इंजिनावर 28 टक्के जीएसटी आणि वर 22 टक्के सेस होता. त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स, 20 लाखांच्या वरची डिझेल म्हणून 15 टक्के. (सेस पुढे 22 सप्टेंबर 2025 ला गेला आणि सरसकट 40 टक्के झाले. आमचे पैसे तोवर सरकारजमा.) एवढं सगळं भरून घरी आणलेल्या गाडीच्या डिकीतली फळी उचला. खाली चाक नाही. थर्माकोलचा एक ट्रे, त्यात हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि एक बाटली. बस्स.

आता त्या रात्रीचं सांगते. काहींनी दोनदा ऐकलंय, तिसऱ्यांदा ऐका.

ऐन पावसाळा. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा तेव्हा सुरू व्हायचा होता, त्यामुळे ठाण्याहून नाशिकला घरी येताना कसारा घाटाशिवाय गत्यंतर नव्हतं. आईच्या डोळ्यांची तपासणी करून आम्ही तिघं परत येत होतो. घाट चढलो, इगतपुरी मागे टाकली, आणि घोटीच्या अलीकडे पाण्याने काठोकाठ भरलेला एक खड्डा. दिसलाच नाही. दिसणार कसा? धाडकन आवाज झाला आणि समोर लाल अक्षरात सूचना आली की डाव्या पुढच्या टायरमधली हवा जातेय. जातेय कसली, गेली होती.

नवऱ्याने छत्री धरली, मी मोबाइलच्या उजेडात माहितीपुस्तिका वाचली. बाटली कॉम्प्रेसरला जोडा, नळी व्हॉल्व्हला जोडा, बटण दाबा. दाबलं. कॉम्प्रेसर घरघरला आणि बाटलीतलं पांढरं औषध टायरच्या बाजूच्या चिरेतून दुधासारखं रस्त्यावर वाहून गेलं. पुस्तिकेत पुढच्याच पानावर लिहिलेलं होतं: टायरच्या बाजूला चीर असेल तर हे किट वापरू नये.

मला सांगा, आपल्याकडे टायर जातो कशाने? खिळ्याने जाण्याचे दिवस गेले. खड्ड्याच्या धारदार कडेवर आपटून बाजू फाटते, हे रिक्षावालाही सांगेल. आणि या गाड्यांना टायर कसले, तर 235/50, 18 इंची. म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची 12 सेंटीमीटरसुद्धा नाही. शोरूममध्ये ते फार देखणं दिसतं. कागदासारखं रबर द्यायचं, ते फाटलं तर चालणार नाही असं औषध द्यायचं, आणि चाक मात्र द्यायचं नाही!

हेल्पलाइनला फोन लावला. मुलगी अतिशय गोड. "आपण सुरक्षित जागी आहात का?" मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला, भर पावसात, मागून कंटेनर जातायत आणि गाडी हलतेय. हो, एकदम सुरक्षित. मग पिनकोड विचारला. घोटीचा पिनकोड तुमच्यापैकी कुणाला पाठ आहे? तिला घोटी ऐकूच येईना. शेवटी ठरलं की उचलून न्यायला ट्रक येईल, दीड ते दोन तास लागतील आणि त्यात दोघांना बसता येईल. आम्ही तिघं. तिसऱ्याचं काय, हे तिच्या कागदावर नव्हतं.

तेवढ्यात एक दुधाचा टेम्पो थांबला. आम्ही हात केला नव्हता. ड्रायव्हरने खाली उतरून बघितलं आणि ओळखीच्या टायरवाल्याला फोन केला. तो आपल्या पोराला मागे बसवून, जॅक मांडीवर घेऊन मोटरसायकलवर हजर. म्हणाला, "ताई, स्टेपनी काढा."

"नाहीये."

"नाही म्हणजे? पंक्चर काढायला दिलीय का?"

"कंपनीनेच दिली नाही."

त्याने गाडी पुढून मागे बघितली, मागून पुढे बघितली. "केवढ्याची?" नवऱ्याने आकडा पाच-सात लाखांनी कमी सांगितला. खोटं बोलला, पण मीही तेच केलं असतं.

जॅकही त्याचाच, बरं का. स्टेपनी नाही म्हटल्यावर कंपनी जॅक कशाला देईल? चाकाच्या एका बोल्टला चोर नेऊ नये म्हणून लॉक. त्याची चावी डिकीतल्या पिशवीच्या तळाशी निघाली. चोर काय नेणार, इथे मालकालाच चाक निघेना.

यावर काही जण म्हणतील की सगळ्याच कंपन्या असं करतायत. करतायत, आणि नियमात बसवून करतायत. 2020 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि रिपेअर किट असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालतं. गाडीचं वजन घटतं, डिकीत जागा होते, इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीला जागा मिळते. बरं, मान्य. पण माझी गाडी इलेक्ट्रिक नाही आणि वाचलेल्या जागेत थर्माकोल बसवलाय! काही गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात, हवा गेली तरी ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर जातात. म्हणजे घोटीहून नाशिक आरामात. आमच्या मॉडेलला तेही नाहीत. मैत्रिणीच्या गाडीला आहेत तर ती कंबर धरून बसते, इतके कडक. घ्या, काहीही घ्या, कुठेतरी दुखणारच.

आपल्या सातपूरच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं बोलेरो बाहेर पडतेय, पाठीवर अख्खं चाक लावून. तिला कुणी प्रीमियम म्हणत नाही. पण ती बनवणाऱ्याला ठाऊक होतं की ही पेठ-सुरगाण्याला जाणार आहे आणि तिथे पिनकोड विचारणारं कुणी नसतं. आमचे थोरले दीर गाडी घेतानाच म्हणाले होते, "थोडे वर टाकले असते तर फॉर्च्युनर आली असती." प्रत्येक घरात असा एक दीर असतोच. त्या रात्रीनंतर त्यांचा फोन आला तेव्हा मी नवऱ्याच्या हातात दिला.

गाडी वाईट आहे असं मात्र नाही. आता समृद्धीवरून जातो तेव्हा 120 वर गाडी जमिनीला धरून असते, आवाज नाही, थरथर नाही. आई पूर्वी कुठल्याही गाडीत बसली की आधी आवळासुपारी तोंडात टाकायची, ती या गाडीत इगतपुरी यायच्या आत झोपते. आणि सीटची उंची! तिच्या गुडघ्यांना नेमकी. ना खाली वाकायचं, ना वर चढायचं. तिच्यासाठीच तर घेतली. रविवारी सकाळी गंगापूर धरणाकडे निघालो, मिसळ खाल्ली, परत येताना मी चालवत असले की खरंच वाटतं की पैसे वसूल आहेत. हे लिहिताना राग जरा उतरलाय, खोटं कशाला बोलू.

पण मग सर्व्हिस सेंटर आठवतं. त्या रात्रीनंतर टायर बदलायला गेले. कॉफी विचारली, बिस्किटं आली. टायर स्टॉकमध्ये नाही, मुंबईहून येईल. वॉरंटीत बसत नाही कारण 'इम्पॅक्ट डॅमेज'. जोडीचा टायरही बदला म्हणाले, एकाच एक्सलवर एक नवा, एक जुना नको. एकेक टायर 20 हजारांच्या वर. आणि सल्लागार साहेब मान तिरकी करून म्हणतात, "मॅडम, अशा रस्त्यांवर या टायरना थोडं जपावं लागतं."

अशा रस्त्यांवर! अहो, शोरूम नाशिकमध्ये, गाडीचा नंबर एमएच 15, पहिल्या दिवशी नारळ फोडून गाडी बाहेर काढली ती इथल्याच द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये. विकताना रस्ते दिसले नव्हते का? रस्त्यांची चूक आहेच, त्यावर वेगळी पोस्ट होईल. सध्या 2027 च्या सिंहस्थाच्या नावाने सगळं शहर उकरून ठेवलंय, रोज घरी जायला नवा रस्ता शोधावा लागतो. पण रस्ता सुधारेपर्यंत चाक द्या ना! आणि ॲडब्लूचं, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायच्या द्रवाचं, तर बोलायलाच नको. टाकी संपत आली की गाडी धमकी देते: एवढे किलोमीटर झाले की इंजिन सुरू होणार नाही. प्रदूषणासाठी आहे, असू दे, भरते मी. पण गाडीला मला धमकावता येतं आणि रात्री घोटीला मदत करता येत नाही, हे कसं?

त्या टायरवाल्याने काय केलं ते राहिलंच. चाक मोटरसायकलवर घालून दुकानात नेलं, आतून मोठा पॅच मारला, त्यावर दुसरा मारला. परत आणून बसवलं, बोल्ट आवळले, हाताने एकदा चाक फिरवून बघितलं. बोटं टायरच्या काजळीने इतकी काळी की पैसे घेताना नोटेची कड तेवढी चिमटीत धरली. "ताई, हे घरापर्यंतच. 40 च्या वर काटा नेऊ नका. उद्या टायर फेकून द्या, वापरू नका." जास्तीचे पैसे घेतले नाहीत. "आजींना आधी घरी न्या," म्हणाला. नाशिकच्या पाथर्डी फाट्याला पोहोचलो तेव्हा हेल्पलाइनचा फोन आला. "मॅडम, आमचा ट्रक लोकेशनवर आलाय, आपण दिसत नाही आहात."

आता त्या दुपारच्या मुलाचं. फोनवर मी त्याच्यावर चढलेच होते. मग त्याच्या बोलण्यावरून निफाडकडचा वाटला, आवाज आमच्या कंपाउंडरएवढा कोवळा. मार्क कमी पडले की इन्सेंटिव्ह कापतात म्हणाला. चाक काढून टाकायचा निर्णय त्याने थोडाच घेतला? त्याने गाडी नीट धुतली, वायपर बदलले, वेळेत दिली. त्याला 10 देईन. कंपनीसाठी मात्र शेवटी 'आपल्या सूचना' असा रकाना असतो, तिथे मोठ्या अक्षरात स्टेपनी लिहिणार. या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांनी लिहा. आपण डिकीतली फळी उचलायच्या आधी सनरूफ उघडून बघतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आणि एक काम होतं. कुणाकडे 18 इंची स्पेस सेव्हर (तात्पुरतं वापरायचं बारीक) चाक पडून असेल, पाच बोल्टचं, पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) 112, तर इनबॉक्समध्ये किंमत आणि फोटो टाका. 80 च्या वर चालवायचं नसतं ते माहितीये, चालेल. जॅक आणि पाना सोबत असेल तर उत्तम. इंदिरानगर, गंगापूर रोड कुठेही येऊन घेऊन जाईन. थर्माकोलचा ट्रे कुणाला हवा असेल तर फुकट.