‘पर्यंत’ या शब्दाचा वैताग

टेलिफोन कंपनीच्या इंटरनेट प्लॅनचा वेग ‘२४ एमबीपीएसपर्यंत’ म्हणे! सगळी मेख त्या ‘पर्यंत’मध्ये. एडीएसएल टू प्लसचा, म्हणजे फोनच्याच तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा, हा वेग टेलिफोन एक्स्चेंजला खेटून असलेल्या घरांसाठी. आमचं घर पाच किलोमीटरवर, तेही नकाशावरचे सरळ नव्हेत, तारेच्या वळशांसकट.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर: मॉडेम बंद करून चालू करा. अहो, केला! दहादा केला! डीएसएलचा तो हिरवा दिवा लुकलुकतो, क्षणभर स्थिर होतो, मला वेडी आशा लागते, आणि परत लुकलुक. मॉडेमच्या माहितीच्या पानावर अ‍ॅटेन्युएशन (सिग्नलची घट) ६३ डेसिबल. म्हणजे सिग्नल वाटेतच गळपटलेला. बोलायला ४ किलोहर्ट्झच्या आतलंच काम, म्हणून फोन खणखणीत. इंटरनेटला मात्र २.२ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा हवा, आणि लांबच्या तांब्याच्या तारेत आधी मरतात त्या याच वरच्या फ्रिक्वेन्सी. रीस्टार्ट केल्याने तार आखूड होते का?

पावसात जोडांत पाणी शिरलं की फोनही खरखरतो. तेव्हा मात्र लाइनमन येतो, कारण ‘फोन बंद’ ही तक्रार त्यांना कळते.

काल कंपनीचाच फोन आला. याहून वेगवान प्लॅन घेता का, म्हणाले.