एम.ए.ची लहर

चाळिशी उलटली की कुणाला मॅरेथॉनचं वेड लागतं, कुणी एकाएकी दूध सोडतो. मला एम.ए. करावंसं वाटलं, तेही अर्थशास्त्रात. दोष द्यायचा तर मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला द्यावा लागेल. आमचं ऑफिस फोर्टात. डब्यातली भेंडी चावताना खिडकीतून रोज तोच दिसतो. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या पैशातून, त्यांच्या आईच्या नावानं तो उभा राहिला. काम १८६९ ला सुरू झालं आणि १८७८ ला संपलं. म्हणजे नऊ वर्षं! त्या मानानं एम.ए. दोन वर्षांत उरकतं, मग हरकत काय, असं माझं साधं गणित. (अर्थशास्त्राला गणित लागतं हे तोवर कुणी बोललं नव्हतं.)

बातमी फुटली आणि जो तो एकच विचारू लागला, "कशाला?" विषय कोणता, हे विचारणारा आजतागायत भेटलेला नाही. एचआरची मुलगी म्हणाली, "सर, किती इन्स्पायरिंग!" प्रमोशनला धरणार का? पॉलिसीत तसं काही नाही. परीक्षेला रजा? पॉलिसीत नाही. फीचं काही? "पण खरंच इन्स्पायरिंग आहे, सर."

मेव्हणा सीए. त्याला प्रत्येक गोष्टीत वजावट दिसते. "एज्युकेशन लोन काढा. इन्कम टॅक्समध्ये व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षं!" मी नव्या करप्रणालीत आहे आणि तिथे ही वजावट नाही, हे कळल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला एम.ए.ची नाही, बालवाडीची गरज आहे.

लोकलमधला ग्रुप त्यापेक्षा उत्साही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, हे एकाला ठाऊक होतं. "मग दोन कर की! एकीत गचकलास तर दुसरी आहेच." दुसऱ्यानं विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाचा विषय काढला. खुल्या गटाला त्याची वयोमर्यादा २५ आहे, हे निघाल्यावर विक्रोळी यायच्या आत माझ्या उच्च शिक्षणातला सगळ्यांचा रस संपला आणि गाडी क्रिकेटवर आली.

नियमित वर्ग कलिन्याला आणि हजेरी ७५ टक्के. एवढी माझी घरातही भरत नाही. राहिलं दूरशिक्षण. ते मुंबई विद्यापीठाचंही आहे आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचंही. नाशिकवाल्यांचं ब्रीद मी मोठ्यानं वाचलं, "ज्ञानगंगा घरोघरी."

"येऊ दे की," बायको पोळी लाटत म्हणाली, "पण आपल्याकडे ती बसणार कुठे, ते सांगा."

प्रश्न रास्त होता. भांडुपचा वन बीएचके. जेवणाचं टेबल रात्री साडेअकरापर्यंत बारावीच्या ताब्यात. बेडरूममध्ये आईची मालिका, नंतर आईची झोप. हॉलमधल्या सोफ्याचा रात्री पलंग होतो, आणि त्यावर बसून वाचायला घेतलं की दुसऱ्या पानावर मी आडवा. बाल्कनीत वॉशिंग मशीन. त्याच्या झाकणावर वही ठेवून पाहिली. उंची बरोबर होती, पण ते स्पिनला गेलं की अक्षर उर्दू दिसायचं.

शेवटी लेक म्हणाली, "बाबा, आधी बघू तरी तुला लिहिता येतं का." तिनं बारावीचं अर्थशास्त्र उघडलं आणि मागणीच्या लवचिकतेवर, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते त्यावर, दहा मार्कांचा प्रश्न काढून दिला. मोबाईलवर टायमर लावला. आता, मी गेली कित्येक वर्षं हातानं फक्त सही करतो. पहिल्या परिच्छेदात बोटं आखडली, दुसऱ्यात अंगठा वेगळाच कुठेतरी गेला. कागदावर समास सोडायचा असतो हेही विसरलो होतो. तरी रेटून पान भरलं.

लेकीनं लाल पेन घेतलं. "'उपरोक्त विषयास अनुसरून' हे काय आहे?"

"सुरुवात."

"आणि शेवटी 'आपला विश्वासू' का लिहिलंयस? अलवचिक मागणीचं उदाहरण मीठ असतं, बाबा. तू लोकलचा पास लिहिलायस."

"मग? भाडं वाढलं तर मी काय ऑफिसला चालत जाणार?"

ती थोडी घुटमळली. उदाहरणाचा अर्धा मार्क दिला. एकूण साडेतीन पडले. वर शेरा मारला, "अक्षर सुधारा. पालकांना भेटायला सांगा."

पालक आतल्या खोलीत मालिका बघत होते. त्यांना भेटायची वेळ खरोखरच आली. रात्री मी प्रवेशाचे नियम वाचत बसलो होतो. त्यात कळलं, की रॅगिंग करणार नाही असं विद्यार्थ्यानं लिहून द्यायचं असतं आणि त्याच्या पालकानंही. यूजीसीचा हा नियम २००९ चा आहे. वर्गातली बाविशीची पोरं मला धरून काय करतील याची मला धास्ती, आणि इथे हमी माझी मागत होते.

आईला चष्मा आणून दिला. जाहिरातींच्या मध्ये तिनं मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून सगळा मजकूर वाचला, दोनदा वाचला.

"हा कुणाला त्रास देणार नाही, हे मी लिहून देते," ती म्हणाली. "त्याच्यात तेवढी धमक नाही. पण अभ्यास करील असं कुठे लिहायचं असेल, तर तिथे मी सही करणार नाही. बी.कॉम.चे मार्क माझ्या लक्षात आहेत."