‘फोर-के म्हणजे नुसता दिखावा’? अख्खं ए-१ शीट उघडून बघा

“ड्रॉइंगच्या कामाला मोठा फोर-के (३८४० बाय २१६० पिक्सेलचा) मॉनिटर म्हणजे नुसता दिखावा. मापं सॉफ्टवेअर ठरवतं, स्क्रीन नाही. अक्षरं मुंगीएवढी होतात, कॉम्प्युटर रडतो. त्यापेक्षा दोन २४ इंची घ्या.” कॉम्प्युटरवर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढणाऱ्या डिझायनर मंडळींत हा मेसेज सारखा फिरतो. भोसरी-चाकणच्या कुठल्याही टूलरूममध्ये तोंडीही ऐकायला मिळतो.

मापांचं म्हणणं शंभर टक्के खरं. ०.०१ मिमीचा फरक डोळ्याला दिसो न दिसो, फाइलमध्ये तो असतोच. पण स्क्रीनकडे अचूकता मागितली कुणी? स्क्रीन लागते बघायला.

हिशेबच करू. ए-१ शीट म्हणजे ड्रॉइंगचा मोठा कागद, आडवा धरला तर ५९४ मिमी उंच. २४ इंची फुल एचडीवर पिक्सेलच्या १०८० ओळी. रिबन (वरची बटणांची पट्टी), कमांड लाइन (आज्ञा टाइप करायची ओळ), टास्कबार यांनी आपला वाटा घेतला की ड्रॉइंगला उरतात साधारण ८८०. शीटवरचं २.५ मिमीचं अक्षर त्यात जेमतेम पावणेचार पिक्सेलमध्ये बसतं. आकडा ३ आहे की ८, देव जाणे. ४३ इंची फोर-केवर २१६० ओळी. तेच अक्षर आठ पिक्सेलचं होतं आणि झूम न करता वाचता येतं.

याची किंमत मी मोजली आहे. एका फिक्स्चर प्लेटच्या (जॉब पकडून ठेवायच्या प्लेटच्या) ड्रॉइंगवर टॉप व्ह्यूमध्ये, म्हणजे वरून दिसणाऱ्या चित्रात, झूम करून डॉवेल पिनेच्या भोकाचं अंतर ४२ चं ४५ केलं. सेक्शनमध्ये, म्हणजे भाग कापून आतलं दाखवणाऱ्या चित्रात, तेच डायमेन्शन पूर्वी कधीतरी हाताने टाइप केलेलं होतं, ते काही बदललं नाही. मशीनवाल्याने नेमका सेक्शन वाचला. प्लेट भंगारात. चूक माझीच, आणि मोठ्या स्क्रीनवर ती नक्की सापडली असती असंही छातीठोक म्हणणार नाही. पण सेक्शन त्या वेळी स्क्रीनच्या बाहेर होता. जे समोरच नाही, त्याच्याकडे नजर जाणार कशी? ड्रॉइंग बोर्डवर काम केलेल्यांना ही अडचण माहीत नव्हती. अख्खा कागद समोर असायचा.

मुंगीएवढी अक्षरं? २७ इंची फोर-के घेऊन स्केलिंग (अक्षरं-आयकॉन मोठे करायची विंडोजची सेटिंग) १०० टक्क्यांवर ठेवलं तर होणारच. एका इंचात १६३ पिक्सेल येतात. ४३ इंचीवर हाच आकडा १०२ च्या आसपास, म्हणजे २४ इंची फुल एचडीच्या ९२ पेक्षा फार वेगळा नाही. छोट्या फोर-केवर स्केलिंग १५० टक्के करा. मेनू मोठे होतात, ड्रॉइंगला मात्र सगळे पिक्सेल मिळतात. हां, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड २०१८ च्या आधीचं चालवत असाल तर चिमुकल्या आयकॉनची तक्रार मान्य.

कॉम्प्युटर रडतो म्हणणाऱ्यांनी आधी केबल तपासावी. आमच्याकडे नवा मॉनिटर लावला आणि कर्सर गुळात रुतल्यासारखा चालू लागला. सगळे ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत होते. निघालं काय, तर जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टातून फोर-के ३० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या, वर जात नव्हतं. डिस्प्लेपोर्टची केबल लावली, ६० मिळाले, विषय संपला. पिक्सेल चौपट होतात हे खरं, आणि अनेक भाग जोडलेल्या मोठ्या असेंब्ली स्क्रीनवर फिरवताना कार्डावर ताण येतोही. पण मॉडेल रिबिल्डला (बदलानंतर ते पुन्हा बांधायला) लागणारा वेळ मुख्यतः प्रोसेसर खातो, स्क्रीन कितीही मोठी असो.

दोन २४ इंची मिळूनही पिक्सेल फोर-केच्या निम्मेच, आणि शीट दोन्हींवर पसरलं तर मधली पट्टी बरोबर त्याच्या छातीवर येते. माझा जुना २४ इंची मी टाकलेला नाही. मेल आणि पार्ट लिस्ट त्याच्यावर असते.

४३ इंची मॉनिटरऐवजी स्वस्तात टीव्ही आणायचा विचार असेल तर जपून. बऱ्याच टीव्हींवर रंगाची माहिती कमी करून दाखवतात, मग काळ्या बॅकग्राउंडवरच्या लाल-निळ्या बारीक रेघा फुटतात. दुकानात लॅपटॉप घेऊन जा, आपलंच एखादं ए-१ लावा, झूम एक्स्टेंट्स मारा (म्हणजे अख्खं शीट स्क्रीनवर येईल) आणि टायटल ब्लॉकमधला रिव्हिजन नंबर वाचता येतो का बघा.